प्रवेश मिळतो, रुळायचं कसं?

जुलै उजाडला की नागपुरात प्रतापनगर, त्रिमूर्तीनगर, नंदनवनकडच्या भाड्याच्या खोल्या भरू लागतात. गोंदिया, भंडारा, गडचिरोली, यवतमाळ, शिवाय हद्दीपलीकडून बालाघाट नि छिंदवाड्याहून पोरं-पोरी येतात. कोणी राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या एखाद्या महाविद्यालयात, कोणी 'व्हीएनआयटी'त, कोणी खासगी अभियांत्रिकीत. पहिले दोन-तीन आठवडे सगळेच बावरलेले असतात. दिवाळीपर्यंत बहुतेकांचा एक कट्टा ठरतो, तर्री पोह्यांचा ठेला ठरतो, कोणाच्या वहीवरून नोट्स उतरवायच्या तेही ठरतं. काहींचं मात्र दिवाळीनंतरही काहीच ठरत नाही. ते वर्गात असतात, हजेरीपटावर असतात, पण कोणाच्या बोलण्यात नसतात. त्यांच्यापैकी बऱ्याच जणांचा मेंदूच जरा वेगळ्या रीतीने चालतो. हा लेख त्यांच्याबद्दल आहे.

हे विद्यार्थी कोण?

स्वमग्नता (ऑटिझम), लक्ष टिकवण्याशी निगडित एडीएचडी, वाचनाशी निगडित डिस्लेक्सिया, लेखनाशी निगडित डिसग्राफिया, आकड्यांशी निगडित डिस्कॅल्क्युलिया आणि हालचालींच्या जुळणीशी निगडित डिस्प्रॅक्सिया या सगळ्यांना मिळून आता 'न्यूरोडायव्हर्जंट' म्हणतात. यामागचा विचार १९९० च्या दशकात ऑटिस्टिक माणसांच्या आपापसांतल्या चर्चांतून पुढे आला. ऑस्ट्रेलियन समाजशास्त्रज्ञ जुडी सिंगर यांच्या १९९८ च्या प्रबंधाने त्याला विद्यापीठीय चौकट दिली. सगळ्यांचे मेंदू एकाच साच्यातले नसतात, आणि साच्याबाहेरचा मेंदू म्हणजे बिघडलेला मेंदू नव्हे, हा त्याचा गाभा.

यातलं काहीही बुद्धी कमी असल्याचा पुरावा नाही. डिस्लेक्सिया असलेली मुलगी भौतिकशास्त्राचा सिद्धांत झटकन समजून घेईल आणि तोच फळ्यावरून उतरवताना दोन ओळी गाळेल. एडीएचडी असलेला मुलगा आवडत्या प्रकल्पावर रात्रभर बसेल, पण सबमिशनची तारीख त्याच्या डोक्यातून साफ निसटेल. स्वमग्न विद्यार्थी नागपूर स्टेशनजवळच्या रेल्वे रुळांच्या डायमंड क्रॉसिंगबद्दल पाऊण तास अचूक बोलेल, पण 'काय म्हणतोस, मजेत ना?' या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं असतं, ते त्याला उमगणार नाही. (पाऊण तास ऐकायची तयारी असेल तर डायमंड क्रॉसिंगवरचं ते व्याख्यान ऐकावंच, असं माझं मत आहे.)

अशी मुलं किती असावीत? देशातल्या पाच ठिकाणी, त्यात उत्तर गोवा एक, दोन ते नऊ वर्षांच्या मुलांची पाहणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. सुमारे १२ टक्के मुलांत मज्जाविकासाशी संबंधित किमान एक अडचण दिसली. त्यात दृष्टी, श्रवण, अपस्मार, सेरेब्रल पाल्सी हेही धरलेलं असल्यामुळे हा आकडा जसाच्या तसा कॉलेजला लावता येणार नाही. तरी साठ मुलांच्या वर्गात असं कोणीच नाही, हे बोलणं धाडसाचं ठरेल.

बारावीपर्यंत हात धरलेला असतो

अशा मुलांना शाळेत सांभाळून घेण्याच्या बाबतीत महाराष्ट्र तसा मागे नव्हता. अध्ययन अक्षमता, म्हणजे डिस्लेक्सिया-डिसग्राफियासारख्या अडचणी, असलेल्या मुलांना दहावी-बारावीच्या परीक्षेत सवलती देणं राज्याने १९९० च्या दशकातच सुरू केलं. जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडे काणाडोळा, बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या दर्जाचं अंकगणित घेण्याची मुभा, असं बरंच काही. २००७ मध्ये 'तारे जमीं पर' आला आणि 'डिस्लेक्सिया' हा शब्द मध्यमवर्गीय घरांत पोचला. मुलगा आळशी नाही, त्याला खरंच अक्षरं नीट लागत नाहीत, हे निदान काही आई-वडिलांना तरी पटलं.

शाळेत आणखी एक गोष्ट असते, तिचा उल्लेख कुठल्याच शासन निर्णयात नाही. वर्गशिक्षिका पाच-सहा वर्षं त्या मुलाला ओळखत असतात. आई डब्यासोबत निरोप पाठवते. बाकावरचा शेजारी ठरलेला असतो. घंटा ठरलेल्या वेळी होते. बारावीनंतर हे सगळं एका उन्हाळ्यात संपतं. नवं गाव, नवी खोली, मेसचं नवं जेवण, दर तासाला वेगळा प्राध्यापक आणि वेगळी खोली. आपल्याला काय हवंय हे स्वतः सांगायची आजवर कधी वेळच न आलेल्या अठरा वर्षांच्या मुलाने आता अर्ज लिहून, कार्यालयाच्या खिडकीत उभं राहून ते मागायचं असतं. शाळेतून मिळालेल्या सवलतींचा कागद पुढच्या संस्थेत आपोआप पोचत नाही. पुष्कळ पालकांना वाटतं, तो पोचतोच.

एक साधा दिवस

सकाळी साडेसातचा तास. रात्री अकराला व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप आलेला असतो की उद्या तास १२ नंबरऐवजी लॅबमध्ये. त्या निरोपाखाली 'ओके सर' असे चाळीस संदेश, तीन स्टिकर, एक वाढदिवस. एडीएचडीवाल्या मुलीच्या हातून तो निरोप निसटतो. ती १२ नंबरमध्ये जाऊन बसते, पंधरा मिनिटांनी धावत लॅबमध्ये पोचते, सगळे वळून बघतात. 'या, महाराणी!' असं म्हणून सर पुढे शिकवायला लागतात. सरांच्या मनात काही नसतं. तिच्या मनात मात्र दिवसभर तेवढंच असतं.

मधली सुट्टी. कॅन्टीनमध्ये स्टीलच्या ताटल्या, ओरडून दिलेल्या ऑर्डरी, मोबाइलवरची गाणी, तर्रीचा झणझणीत वास. इतरांना यात जिवंतपणा जाणवतो. स्वमग्न मुलाला हे सगळे आवाज एकाच पट्टीत, एकाच वेळी ऐकू येतात. कोणता ऐकायचा आणि कोणता सोडून द्यायचा, ही निवड त्याचा मेंदू आपसूक करत नाही. तो जिन्याखाली डबा खातो. सीनियर विचारतात, ''काय बे, एकटाच बसून राहिला? कोण्या गावचा तू?'' प्रश्न आपुलकीचाच आहे. वऱ्हाडी-नागपुरी बोलीत 'बे' हा दोस्तीचाच शब्द. पण चेहऱ्यावरून, आवाजाच्या चढ-उतारावरून ही दोस्ती आहे की दमदाटी, हे ज्याला उलगडत नाही, तो 'बे' ऐकून गारठतो. उत्तर येत नाही म्हटल्यावर सीनियर पुढच्या खेपेला विचारत नाहीत. 'अकडू आहे' असा शिक्का बसतो.

आणि मग उन्हाळी परीक्षा. नागपूर विद्यापीठात परीक्षांची नावंच 'उन्हाळी' आणि 'हिवाळी' अशी आहेत, आणि पहिल्या नावाला हे शहर पुरेपूर जागतं. पारा ४४-४५ अंशांवर, खिडक्यांना लावलेले लोखंडी कूलर घरघरतायत, पंख्याने पुरवण्या उडतायत, पर्यवेक्षक मधूनच 'शेवटची तीस मिनिटं!' म्हणून ओरडतायत. कूलरची एकसुरी घरघर एडीएचडी असलेल्या एखाद्याला चक्क बरी वाटते, बाकीची खुसफूस तिच्याखाली दबते. आवाज ज्याला टोचतो अशा स्वमग्न मुलासाठी त्याच घरघरीत तीन तास बसणं ही पेपरआधीचीच एक परीक्षा असते. म्हणून 'न्यूरोडायव्हर्जंट मुलांसाठी एक उपाय' अशी सरसकट मात्रा सांगणाऱ्यांकडे मी जरा संशयानेच बघतो.

आपलेपणा म्हणजे नक्की काय?

मैत्री, गॅदरिंग, इन्स्टाग्रामवरचे ग्रुप फोटो यांना आपण आपलेपणा समजतो. शिक्षणाचे अभ्यासक त्याचा अर्थ साधा ठेवतात: इथे मला ओळखतात, माझं असणं इथे धरलेलं आहे, मी आलो नाही तर कोणाच्या तरी लक्षात येईल, एवढी खात्री. ही खात्री नसली की कॉलेज सुटण्याची शक्यता वाढते, हे अमेरिकेत व्हिन्सेंट टिंटो १९७५ पासून मांडत आले.

अमेरिकेतलेच मानसशास्त्रज्ञ ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन यांचा २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग यासाठी नेहमी सांगितला जातो. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना वरच्या वर्गातल्यांचे अनुभव वाचायला दिले: सुरुवातीला आम्हालाही परकं वाटायचं, हळूहळू ते गेलं. सगळं मिळून तासाभराचं काम. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांवर त्याचा परिणाम पुढची तीन वर्षं दिसला. गोऱ्या विद्यार्थ्यांच्या आणि त्यांच्या गुणांतली दरी निम्म्यावर आली. प्रयोग सुंदर आहे, पण आपल्या विषयाला तो जसाच्या तसा लावायला माझा विरोध आहे. 'जाईल हळूहळू' हे बुजरेपणाबद्दल खरं आहे. कूलरची घरघर, आयत्या वेळी बदललेली खोली, हातातून न उतरणारी अक्षरं हळूहळू जात नाहीत. तिथे नुसता धीर देऊन भागत नाही. खोली बदलावी लागते किंवा वेळ वाढवून द्यावा लागतो.

दुसरं संशोधन मला अधिक जवळचं वाटतं. ब्रिटनमधले समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन स्वतः ऑटिस्टिक आहेत. २०१२ मध्ये त्यांनी मांडलं की ऑटिस्टिक माणसाला दुसऱ्याचं मन कळत नाही हे अर्धंच सत्य. दुसऱ्यालाही ऑटिस्टिक माणसाचं मन तितकंच कळत नाही. दोष द्यायचाच तर तो दोघांत वाटून द्यावा. कॅथरीन क्रॉम्प्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये याची पडताळणी केली. आठ-आठ जणांच्या साखळीत एक गोष्ट एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला सांगायची, आपल्या कानगोष्टीच्या खेळासारखी. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत गोष्ट तितकीच टिकली, जितकी सगळे बिगर-ऑटिस्टिक असलेल्या साखळीत. तपशील जास्त गळले ते मिश्र साखळीत.

याचा कॉलेजपुरता अर्थ सरळ आहे. 'त्याला माणसांत मिसळायला शिकवा' हा सल्ला अपुरा आहे, कारण मिसळणं दोन्ही बाजूंनी असतं. आणि त्याच्यासारखे आणखी दोघं-तिघं त्याला भेटले, तर त्याला शिकवावंही लागत नाही. म्हणून ज्या कॉलेजात बुद्धिबळाचा, पक्षिनिरीक्षणाचा, रोबोटिक्सचा, आकाशदर्शनाचा चालता-बोलता गट आहे, तिथे अशी मुलं लवकर रुळतात, असं मला वाटतं. २०२५ मध्ये नागपूरच्याच दिव्या देशमुखने महिलांचा विश्वचषक जिंकल्यापासून नागपुरात बुद्धिबळाला तर बहरच आहे. पटावर बसल्यावर गप्पा मारायची सक्ती नसते, डोळ्यांत डोळे घालून बोलावं लागत नाही, नियम लिहिलेले असतात आणि तरी समोर माणूस असतो. स्नेहसंमेलनातल्या सक्तीच्या ग्रुप डान्सपेक्षा हे कितीतरी बरं.

कायदा कुठवर येतो?

१९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. त्यांत ना स्वमग्नता होती, ना अध्ययन अक्षमता. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये आला, १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला, प्रकार २१ झाले आणि या दोघींनाही जागा मिळाली. एडीएचडीला मात्र त्या यादीत स्वतंत्र जागा नाही.

कायद्याच्या कलम ३२ नुसार सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांनी किमान पाच टक्के जागा लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्यांसाठी, म्हणजे ४० टक्के किंवा अधिकचं प्रमाणपत्र असलेल्यांसाठी ठेवायच्या. वयोमर्यादेत पाच वर्षांची सूट. नागपुरातल्या किती तरी अभियांत्रिकी महाविद्यालयांना अनुदान नाही, त्यांना हे कलम लागत नाही, हे पालकांनी ध्यानात घ्यावं. पण कलम १६ सरकारी मान्यता असलेल्या सगळ्याच संस्थांना लागतं: भेदभाव न करता प्रवेश द्या, विद्यार्थ्याच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करा. 'आम्ही विनाअनुदानित आहोत' एवढ्यावर ही दुसरी जबाबदारी झटकता येत नाही.

न्यायालयांनी यापुढचा रस्ता बराच मोकळा केला. फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार विरुद्ध यूपीएससी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की लेखनिक मिळण्यासाठी ४० टक्क्यांची अट लावता येणार नाही; आरक्षण वेगळं, सोय वेगळी. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये डिसग्राफिया असलेल्या एका विद्यार्थिनीचं प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात पोचलं. 'नीट'च्या केंद्रावर तिला हक्काचा जादा तास मिळालाच नव्हता. कायद्यातला हक्क परीक्षा केंद्रावरच्या माणसांना ठाऊक नसेल तर तो कागदावरच राहतो, याचं यापेक्षा ठळक उदाहरण नाही. १० ऑगस्ट २०२२ रोजी केंद्र सरकारने ४० टक्क्यांखालच्या, पण लिहायला अडचण असलेल्या उमेदवारांसाठीही लेखनिक आणि जादा वेळेची मार्गदर्शक तत्त्वं काढली.

म्हणजे एडीएचडीचा विद्यार्थी यादीत नाही म्हणून हात हलवत परत जायची गरज नाही. कायद्यातली दिव्यांग व्यक्तीची मूळ व्याख्या यादीपेक्षा मोठी आहे, आणि तिच्या आधारे त्याला वाजवी सोय मागता येते. मात्र ती मिळवायला भांडावं लागेल, हेही सांगायला हवं.

चाळीस टक्क्यांचा कागद

स्वमग्नतेचं प्रमाण भारतात 'इसा' या चाळीस प्रश्नांच्या मापनपद्धतीने ठरवतात. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र २०१८ च्या नियमांप्रमाणे आठ वर्षांनंतर देतात, १४ व्या आणि १८ व्या वर्षी पुन्हा तपासतात, आणि १८ व्या वर्षी मिळालेलं प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. इथेच मेख आहे. १८ वं वर्ष म्हणजे बारावी, प्रवेश परीक्षा, फेऱ्या, खोली शोधणं. याच धावपळीत नूतनीकरण राहून जातं आणि मुलगा कॉलेजच्या दारात मुदत संपलेला कागद घेऊन उभा राहतो. ज्यांची मुलं आज अकरावीत आहेत त्यांनी हे काम आत्ताच अंगावर घ्यावं.

मुलींची आणखी वेगळी गोष्ट. त्यांतल्या बऱ्याच जणी लहानपणापासून इतरांच्या हसण्या-बोलण्याची नक्कल करून वेगळेपण झाकायला शिकतात. 'शांत मुलगी', 'स्वप्नाळू मुलगी' म्हणून शाळा पार पडते आणि कॉलेजात, घराचा आधार सुटल्यावर, ती नक्कल पेलेनाशी होते. मग एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी प्रथमच निदान होतं, तेही नैराश्यासाठी डॉक्टरांकडे गेल्यावर. तोवर दोन-तीन विषय राहिलेले असतात आणि घरी 'हिला शिकायचंच नाही' असा निकाल लागलेला असतो.

लेखनिक शोधताना

सवलत मंजूर झाली म्हणजे काम झालं, असं समजणाऱ्यांनी एकदा एप्रिलमध्ये लेखनिक शोधून बघावा. २०१८ च्या केंद्रीय तत्त्वांत विद्यार्थ्याने स्वतः आणलेला लेखनिक त्याच्यापेक्षा एक पायरी खालच्या शिक्षणाचा हवा, असं ठरलं होतं. म्हणजे बी.एस्सी.च्या मुलासाठी बारावीचा. आता बारावी झालेला मुलगा उन्हाळी परीक्षेच्या दिवसांत 'सीईटी'च्या किंवा 'नीट'च्या अभ्यासात बुडालेला असतो. तो मिळाला तरी त्याला अवकलनाची चिन्हं, रेणूंच्या साखळ्या, संख्याशास्त्राचे कंस लिहिता आले पाहिजेत. विद्यार्थी सांगतो 'सिग्मा', लेखनिक विचारतो 'म्हणजे कसं काढू?' हातवारे करून दाखवावं तर पर्यवेक्षकाला संशय. जादा वेळ मिळतो तासाला वीस मिनिटं, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास, आणि त्यातला बराच असा 'कसं काढू' मध्येच जातो.

डिसग्राफियाच्या अनेक मुलांना लेखनिकापेक्षा साधा संगणक हवा असतो. इंटरनेट नसलेला, शब्दसूचना बंद केलेला. केंद्रीय तत्त्वांत संगणकावर उत्तरं लिहिण्याचीही तरतूद आहे. प्रत्येक महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत असे संगणक ओळीने मांडलेले आहेत. तरी परीक्षा विभागाला लेखनिक मान्य करणं सोपं वाटतं, कारण त्याचा छापील फॉर्म तयार असतो.

सांगावं की लपवावं?

हा प्रश्न प्रत्येकाला पडतो आणि त्याचं एकच उत्तर नाही. कार्यालयाला सांगितलं तर सोय मिळते, वर्गाला सांगितलं तर कधी समजूत मिळते, कधी टोपणनाव. माझा कौल असा: कार्यालयाला लेखी सांगावं, एका प्राध्यापकाला समक्ष सांगावं, आणि वर्गाला सांगायचं की नाही ते विद्यार्थ्यावर सोडावं. तो एक प्राध्यापक महत्त्वाचा. विभागप्रमुखच हवेत असं नाही. ग्रंथपाल चालतात, प्रयोगशाळेतले जुने सहायक चालतात. अडलं तर कोणाच्या दारावर टकटक करायची, हे मुलाला माहीत असलं की पुष्कळ काही निभावतं. आई-बाबांनी मात्र मुलाला न विचारता वर्गमित्रांना फोन करून 'जरा सांभाळून घ्या रे त्याला' म्हणू नये. त्याच्या वयाचा कोणीही त्याने शरमेल.

विभागांना बिनखर्चाचं काय जमेल?

बहुतेक गोष्टींना अनुदान लागत नाही. वेळापत्रकातला बदल व्हॉट्सॲपच्या गर्दीत न टाकता एका ठरलेल्या ठिकाणी, एका ठरलेल्या वेळेआधी लावावा. सबमिशनच्या सूचना तोंडी न देता लिहून द्याव्यात. गटातलं काम देताना 'तुमचे तुम्ही गट करा' म्हणू नये; या वाक्यानंतर वर्गात कोण उरतं, ते एकदा डोळे उघडे ठेवून बघावं. व्हायव्हामध्ये नजर मिळवत नाही म्हणून गुण कापू नयेत. मधल्या सुट्टीत एखादी रिकामी खोली उघडी ठेवावी, जिथे बोलायची सक्ती नाही. ७५ टक्के हजेरीचा नियम लावताना आजारपणाचे कागद बघता, तसेच निदानाचे कागदही बघावेत.

राज्यातल्या महाविद्यालयांत लागू झालेल्या नव्या शैक्षणिक धोरणात एक वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका घेऊन थांबता येतं आणि परत येता येतं. धोरण आखणाऱ्यांच्या मनात कदाचित दुसरेच विद्यार्थी असतील, पण ज्याला मधे श्वास घ्यायची गरज पडते त्याला ही वाट उपयोगी आहे. फक्त प्रवेश विभागातल्या माणसाने ती नीट समजावून सांगायला हवी.

समुपदेशकाबद्दल बोलायचं तर जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी निर्देश दिले. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवाच. तो नेमलाय का, आठवड्यातून किती तास बसतो, आणि एडीएचडी व नैराश्य यांतला फरक त्याला कळतो का, हे तीन प्रश्न पालकसभेत विचारायला हरकत नाही.

नागपुरात कुठं जायचं?

निदानासाठी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा, म्हणजे 'मेडिकल'चा मानसोपचार विभाग, मेयो रुग्णालय, मिहानमधलं 'एम्स' आणि प्रादेशिक मनोरुग्णालय ही सरकारी ठिकाणं आहेत. मनोरुग्णालयाचं नाव ऐकून घरचे दचकतात. बाह्यरुग्ण विभागात नंबर लावून तपासून येण्यात दचकण्यासारखं काही नाही. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी आणि यूडीआयडी या दिव्यांग ओळखपत्रासाठी आधी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करावा लागतो, मग तपासणीची तारीख मिळते. मन फार खचलं असेल तर १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक चोवीस तास चालतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.

कॉलेजने दाद दिली नाही तर आधी संस्थेतल्या समान संधी कक्षाकडे किंवा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जावं. सरकारी आस्थापनेत असा अधिकारी नेमणं कायद्याने बंधनकारक आहे. त्यापुढे पुण्यात राज्याचे दिव्यांग कल्याण आयुक्त आहेत. कायदा मोडणाऱ्याला पहिल्या वेळी दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा मोडला तर पन्नास हजारांपासून पाच लाखांपर्यंत. पण तिथवर जायची वेळ सहसा येते ती अर्ज तोंडी केल्यामुळे किंवा परीक्षेच्या आठवड्यात केल्यामुळे. म्हणून सोयीचा अर्ज पहिल्या सत्राच्या पहिल्याच महिन्यात लेखी द्या, सोबत प्रमाणपत्राची प्रत जोडा, आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.